'सेव्ह' दाबल्यावर थांबावं का लागतं : फाईल सर्व्हरची पार्श्वभूमी

अंबड एमआयडीसीतल्या एका डिझाईन ऑफिसचं नेटवर्क मी सांभाळतो. सकाळी साडेनऊला बाराही वर्कस्टेशनवर एकदम ड्रॉइंग उघडतात, सर्व्हरच्या डिस्कचा दिवा लुकलुकायचा थांबत नाही, आणि हाक येते, 'सर, सर्व्हर स्लो झालाय.' पाठोपाठ नेटवर्कच्या तारा जोडणारा नवा स्विच घ्यायची सूचनाही येते. या दुखण्याचं मूळ मात्र बऱ्याचदा तारेत नसतं, आणि ते चाळीस वर्षांपूर्वीच दिसून आलं होतं.

१९८० च्या दशकात डिस्क महाग होती. म्हणून अनेक वर्कस्टेशन बिनडिस्कची असत आणि सगळं काही १० मेगाबिटच्या इथरनेटवरून सर्व्हरकडून यायचं. सन मायक्रोसिस्टिम्सने १९८५ मध्ये एनएफएस (नेटवर्क फाईल सिस्टिम, म्हणजे सर्व्हरवरच्या फायली तारेवरून आपल्याच असल्यासारख्या वापरायची पद्धत) बाजारात आणलं. कोणत्या मशीनने कोणती फाईल उघडली आहे, याची नोंदच त्यातला सर्व्हर ठेवत नसे. तो बंद पडून पुन्हा सुरू झाला, तरी मशीन तीच मागणी परत पाठवायचं आणि काम पुढे चालायचं. मला ही रचना आजही फार आवडते. पण त्यासाठी एक अट पाळावी लागे: माहिती खरोखर डिस्कवर गेल्याशिवाय सर्व्हरने 'लिहिलं' म्हणायचं नाही.

वेळ खाल्ला तो या अटीने. एका मागणीत जास्तीत जास्त ८ किलोबाइट जायचे. तेवढ्यासाठी डिस्कचं वाचणारं-लिहिणारं हेड कधी तीनदा हलायचं: एकदा माहितीसाठी, एकदा फाईलच्या नोंदीसाठी, आणि फाईल मोठी असेल तर तिचे तुकडे (ब्लॉक) डिस्कवर कुठे आहेत त्या यादीसाठी. एका हालचालीला २० मिलिसेकंद धरले, तर तिन्ही मिळून ६०. म्हणजे एका डिस्कवर सेकंदाला सोळा-सतरा तुकडे, जेमतेम १३० किलोबाइट. तार त्याच्या कितीतरी पट वाहून नेऊ शकत होती.

१९९० च्या सुमारास लेगॅटो कंपनीचं प्रेस्टोसर्व्ह कार्ड आलं. त्यात बॅटरीवर टिकणारी मेमरी होती. माहिती तिथे पोचली की सर्व्हर लगेच उत्तर द्यायचा आणि डिस्कवरचं लिखाण मागाहून निवांत करायचा. १९९२ मध्ये सुरू झालेल्या नेटॲपने हीच कल्पना आपल्या सर्व्हरच्या पोटातच बसवली. १९९५ मधल्या एनएफएसच्या तिसऱ्या आवृत्तीने नियमच सैल केला: तुकडे भराभर पाठवा, शेवटी एकदाच पक्कं करून घ्या, आणि तोवर आपली प्रत जवळ ठेवा. सर्व्हर आपल्या उत्तरासोबत एक खूण-आकडा पाठवतो; तो मध्येच रीस्टार्ट झाला, तर हा आकडा बदलतो. आकडा बदललेला दिसला की मशीन तुकडे पुन्हा पाठवतं.

दुसरीकडे बर्कली विद्यापीठात लोक फायलींचा वापरच मोजत होते. १९८५ च्या त्या अभ्यासात दिसलं की नव्याने लिहिलेल्या माहितीपैकी साधारण निम्मी पाच मिनिटांत पुसली जाते किंवा तिच्यावर दुसरं काही लिहिलं जातं. मग ती सर्व्हरकडे न्यायची घाई कशाला? त्यांच्या स्प्राइट प्रणालीत लिखाण ३० सेकंद मेमरीतच थांबत असे. कार्नेगी मेलनच्या अँड्र्यू प्रकल्पात अख्खी फाईल वर्कस्टेशनच्या डिस्कवर आणून ठेवत, आणि 'ती बदलली तर कळवीन' असा शब्द सर्व्हर देई. विंडोजच्या एसएमबी या फाईल-वाटपाच्या पद्धतीतले ऑपलॉक, म्हणजे फाईलची प्रत जवळ ठेवायला सर्व्हरने दिलेली परवानगी, याच जातीचे.

लिनक्सवर एनएफएस चालवणाऱ्यांनी एक गोष्ट जरूर लक्षात ठेवावी. तिथल्या सर्व्हरच्या साधनांत १.०.० आवृत्तीपर्यंत 'एसिंक' हा पर्याय आपोआप चालू असे. त्यात डिस्कवर जायच्या आधीच सर्व्हर 'लिहिलं' म्हणून मोकळा होतो. नंतर आपोआपचा पर्याय 'सिंक' झाला, तो योग्यच झाला. तरी वेगासाठी एसिंक करायचा मोह होतोच. मीही एकदा केला. मे महिन्यातल्या संध्याकाळी वळवाचा वारा सुटला, वीज गेली, आणि यूपीएसच्या थकलेल्या बॅटरीने दोन मिनिटंही साथ दिली नाही. एका फिक्स्चरच्या ॲनालिसिसची दिवसभराची फाईल सकाळी शून्य बाइटची निघाली. ते काम करणारा मुलगा काहीच बोलला नाही, नुसता स्क्रीनकडे बघत बसला.

त्यानंतर सर्व्हर सिंकवर आणला आणि त्यात बॅटरीवाल्या मेमरीचं रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड, बसवलं. त्या मेमरीची आणि यूपीएसची बॅटरी दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासतो.