उपाशी पंपाची तक्रार

डिशवॉशरमध्ये दोन पंप असतात, हे बहुतेकांना तो बिघडल्यावरच कळतं. एक घाण पाणी बाहेर टाकतो. दुसरा, म्हणजे वॉश पंप, तळाशी साठलेलं तेच 3-4 लिटर पाणी पुन्हा पुन्हा उचलून फिरत्या पात्यांच्या भोकांतून भांड्यांवर मारतो. 1886 साली अमेरिकेत जोसेफिन कॉक्रेन यांनी पेटंट घेतलेल्या यंत्रातही भांडी स्वच्छ निघत ती पाण्याच्या जोरावर, घासून नव्हे. त्यामुळे जोर कमी झाला की डबे तेलकट राहतात, डिटर्जंटची वडी अर्धी तशीच पडून असते आणि आळ पंपावर येतो.

पण हा पंप सेंट्रिफ्युगल जातीचा. आतलं चक्र पाणी गरगर फिरवून बाहेर फेकतं. हवा ओढणं त्याला जमत नाही. पुढ्यात येईल तेवढंच पाणी तो फेकणार. नळ अर्धवट उघडा असेल, पाणी आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडची जाळी गाळाने भरली असेल (बोअर आणि टँकरवरच्या सोसायट्यांत हे नेहमीचं), किंवा तळाचा फिल्टर खरकट्याने लिंपला असेल, तर धडधाकट पंपही उपाशी राहतो. पाण्यात हवा मिसळली की तो चढ्या-उतरत्या आवाजात गुरगुरतो. चुकून साधा भांड्यांचा लिक्विड साबण घातला तरी तेच, कारण फेसात हवाच जास्त. फक्त वरच्या कप्प्यातली भांडी खराब निघत असतील तर पंप बहुधा निर्दोष, कारण दोन्ही पात्यांना पाणी तोच पुरवतो. आधी पात्याच्या भोकांत अडकलेली मोहरी शोधा.

यंत्र सुरू होऊन काही मिनिटं झाली की थांबवून दार सावकाश उघडा. वाफ अंगावर येते. तळ कोरडा असेल तर पाणीच येत नाहीये. तळाला पाणी आहे, भांडी मात्र कोरडी, आणि इतका वेळ नुसतं ‘हूंऽऽ’ ऐकू येत होतं? आता पंपाकडे वळायला हरकत नाही.

हे ‘हूंऽऽ’ आपल्याला सीलिंग फॅनमुळे चांगलं ओळखीचं आहे. घरच्या विजेवर चालणाऱ्या सिंगल फेज मोटरमध्ये एकट्या वाइंडिंगचं (तारेच्या वेटोळ्याचं) चुंबकीय क्षेत्र नुसतं पुढे-मागे हेलकावतं, फिरत नाही. कपॅसिटर दुसऱ्या वाइंडिंगमधला प्रवाह थोडा आधी आणतो, आणि मग क्षेत्र फिरू लागतं. तो कमजोर झाला की मोटर गुणगुणते, पण हलत नाही. पंपाचा कपॅसिटर साधारण 3-4 मायक्रोफॅरडचा असतो. मल्टिमीटरवर छापील आकड्यापेक्षा बराच कमी आकडा आला तर तो बदलायचा. मात्र प्लग काढल्यावरही त्यात चार्ज उरतो. रेझिस्टर लावून तो उतरवल्याशिवाय हात लावू नये. ‘अख्खा पंप बदला’ म्हणणाऱ्या मेकॅनिकला आधी हे मोजून दाखवायला सांगावं, असं माझं मत आहे. कपॅसिटर पंपाच्या मानाने किरकोळ किमतीत मिळतो.

कपॅसिटर ठीक निघाला तर चक्र अडलं असेल: काचेचा तुकडा, लिंबाची बी, टूथपिक. यंत्र बरेच दिवस बंद राहिलं की क्षार सुकून शाफ्टही चिकटतो. प्लग काढून हाताने फिरवला की बहुधा सुटतो. नव्या इन्व्हर्टर पंपांत, म्हणजे ज्यांच्या मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक बोर्ड ठरवतो त्यांत, हा कपॅसिटर नसतो. तिथे मोटरच्या तीन टोकांपैकी कोणत्याही दोहोंमधला रोध सारखा यायला हवा. तो सारखा आहे, चक्र मोकळं आहे, तरी पंप गप्प, तर संशय कंट्रोल बोर्डावर.

उपासमार फार दिवस चालली तर मात्र पंप खरोखर बिघडतो. अनेक पंपांत शाफ्टभोवतीचं सील म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत कड्या. त्यांच्यातला पाण्याचा पातळ थर हेच त्यांचं वंगण. पाणी नसलं की त्या तापतात, झिजतात, आणि पाणी मोटरकडे झिरपतं. तळाच्या ट्रेमध्ये ते साठलं की तरंगता ठोकळा स्विच दाबतो. यंत्र धुणं सोडून नुसतं पाणी उपसत बसतं. या टप्प्यावर नुसतं ठिबकत असेल तर सील बदलून भागतं. बेअरिंग किंचाळू लागलं असेल तर नवा पंप आणलेलाच बरा.