‘ट्रिपल सेक’ नावाचा घोळ : फ्रेंच संत्रा-लिक्युअरची पार्श्वभूमी

मुंबई-पुण्यात एलआयआयटी (लाँग आयलंड आइस्ड टी हे कॉकटेल) मागवणाऱ्यांना त्यात व्होडका, जिन, रम आणि टकीला असते हे तोंडपाठ असतं. पाचवी बाटली कोणती, हे मात्र बहुधा काउंटरमागच्या माणसालाच ठाऊक. ती असते ट्रिपल सेकची, म्हणजे संत्र्याच्या सालीपासून केलेल्या गोड मद्याची, लिक्युअरची.

सालीपासून, रसापासून नव्हे. आणि आपली नागपुरी, सैल कातडीची साल इथे डोळ्यांसमोर आणून चालणार नाही. ही गोष्ट कडू संत्र्याची. स्पॅनिशांनी सोळाव्या शतकात कॅरिबियन समुद्रातल्या कुरासाव बेटावर सेव्हिलच्या संत्र्याची झाडं नेऊन लावली. तिथल्या कोरड्या जमिनीत फळ इतकं कडू निघालं की खाववेना, पण वाळलेल्या सालीला वास जबरदस्त. १६३४ मध्ये बेट डचांकडे गेलं आणि ‘कुरासाव’ हे डच मद्याचं नाव होऊन बसलं. (त्यातला निळा प्रकार म्हणजे निव्वळ रंग, चवीत निळं काही नसतं.) खरं तर नावाचाच प्रवास बघायचा तर ‘ओरांज’ हा फ्रेंच शब्द आपल्या नारिंगाचाच लांबचा नातलग : संस्कृतातून फारसी, तिथून अरबी, मग स्पेनमार्गे पुढे.

फ्रान्स या धंद्यात उशिरा उतरला, पण तयारीनिशी. नेपोलियनच्या काळात इंग्रजांशी व्यापार तुटला, उसाची साखर येईना, तेव्हा सरकारने बीटाच्या साखरेला बळ दिलं. पुढे साखर स्वस्त झालीच, शिवाय त्याच बीटापासून स्वच्छ, बिनवासाचं अल्कोहोलही निघू लागलं. लुआर नदीच्या खोऱ्यात या दोन्हींचा फायदा घेतला तो मिठाईवाल्यांनी. सोम्यूर गावातलं एक घराणं आपल्या संत्रा-लिक्युअरचा जन्म १८३४ चा सांगतं. त्याच जिल्ह्यातल्या आंजे शहरात १८४९ मध्ये दोघा भावांनी भट्टी टाकली. त्यांचा सुरुवातीचा माल चेरीचा होता. संत्र्याकडे वळली ती पुढची पिढी, १८७५ च्या सुमारास. तेच क्वांत्रो, आपल्या बारमधलं ‘कॉइंट्रो’.

आता मूळ गुंता. फ्रेंचमध्ये ‘सेक’ म्हणजे कोरडं, गोड नसलेलं. मग चमचाभर घेतलं तरी ओठ चिकटतील अशा द्रवाला तिप्पट कोरडं का म्हणायचं? यावर तीन उत्तरं फिरतात. पहिलं : तीनदा ऊर्ध्वपातन केलं जातं म्हणून. ऐकायला झकास, पण खांबासारख्या उभ्या भट्टीतून निघालेलं बीटाचं अल्कोहोल मुळातच पुन्हा पुन्हा शुद्ध होऊन आलेलं असतं. त्यात ‘तीन’ मोजायचे कुठून? दुसरं : तीन जातींची संत्री वापरतात म्हणून. पण क्वांत्रोवाले स्वतःच दोन प्रकारच्या साली सांगतात, गोड आणि कडू. तिसरं उत्तर मला पटतं. एकोणिसाव्या शतकात कुरासाव कमी-जास्त गोडीत विकलं जाई. ज्याची गोडी कमी ते ‘सेक’. त्यापुढचा ‘ट्रिपल’ म्हणजे दुकानदारी बढाई, आपल्याकडच्या ‘स्पेशल’ चहासारखी. क्वांत्रो सुरुवातीला ‘पांढरं कुरासाव, ट्रिपल सेक’ अशाच नावाने विकलं जात होतं, ते याला धरूनच आहे. म्हणजे कोरडेपणा होता तो तुलनेने, डच पद्धतीच्या गडद, पाकासारख्या कुरासावच्या मानाने. शॅम्पेनच्या बाटलीवरचं ‘सेक’ तरी कुठे कोरडं असतं? तिथेही लिटरला १७ ते ३२ ग्रॅम साखर चालते. लिक्युअर म्हणवून घ्यायला तर युरोपीय नियमाने बहुतेकांना लिटरमागे किमान १०० ग्रॅम साखर लागतेच.

शब्द कुणाच्या मालकीचा नव्हता, त्यामुळे तो सगळ्यांनी उचलला. चौकोनी तपकिरी बाटलीच्याही नकला निघाल्या. शेवटी आंजेच्या घराण्याने विसाव्या शतकात लेबलवरून ‘ट्रिपल सेक’ पुसून टाकलं आणि फक्त आडनाव ठेवलं. धंद्याच्या दृष्टीने हा निर्णय चोख होता. त्या घराण्याचं कौतुक करणारे त्याला दूरदृष्टी म्हणतात. मला मात्र तो थोडा आपमतलबी वाटतो. शब्दाला प्रतिष्ठा मिळवून देणारेच बाजूला झाले आणि शब्द स्वस्त बाटल्यांच्या हाती राहिला. आज त्याच नावाखाली ४० टक्के अल्कोहोलचं मद्यही मिळतं आणि १५ टक्क्यांचंही.

हा फरक नुसता कडकपणाचा नाही. संत्र्याच्या सालीतलं तेल अल्कोहोलमध्ये विरघळतं, पाण्यात नाही. क्वांत्रोत बर्फ टाकला की ते धुरकट होतं ते याच तेलामुळे. पंधरा टक्क्यांच्या द्रवात तेवढं तेल मावतच नाही. मग उरते ती साखर आणि ओळखीचा वास. मार्गारिटा या कॉकटेलच्या प्रमाणित कृतीत ५० मिलि टकीला, २० मिलि ट्रिपल सेक आणि १५ मिलि लिंबूरस असतो. ४० टक्क्यांच्या बाटलीने हे मिश्रण बर्फाआधी सुमारे ३३ टक्क्यांचं होतं, १५ टक्क्यांच्या बाटलीने सुमारे २७. नाव मात्र दोन्हीकडे मार्गारिटाच.

कॉकटेलमध्ये संत्रा-लिक्युअर आधी चवीपुरतं असायचं. १८६२ च्या अमेरिकी कृतीसंग्रहातल्या ब्रँडी क्रस्टामध्ये कुरासावचे जेमतेम थेंब आहेत. चित्र बदललं ते १९२० नंतर. अमेरिकेत दारूबंदी, त्यामुळे बारची खरी चढाओढ लंडन आणि पॅरिसमध्ये. साइडकार हे कॉकटेल नेमकं कुठलं, यावर दोन्ही शहरं अजून भांडतात. पण १९२२ मध्ये छापलेल्या कृतीत ब्रँडी, क्वांत्रो आणि लिंबूरस सारख्या भागांत आहेत. म्हणजे साखरेचा पाक बाद, गोडी आणि सुगंध दोन्ही एकाच बाटलीतून. हीच युक्ती जिनला लावली की व्हाइट लेडी.

या काळातलं एक पेय आपल्या इतिहासाच्या अगदी शेजारचं आहे. ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानचाच भाग होता आणि रंगूनच्या साहेबी क्लबात जिन, नारिंगी कुरासाव, लिंबू आणि बिटर्स (थेंबांनी घालायचा कडवट अर्क) असं मिश्रण चाले. १९३० च्या लंडनी संग्रहात ते पेगू क्लब या नावाने आलं, तेही जगभर मागितलं जातं अशा शेऱ्यासह.

मार्गारिटाच्या जन्मकथा डझनभर आहेत, सगळ्यांत एक सुंदर बाई. त्यापेक्षा कागद बोलका आहे. १९३७ च्या लंडनी पुस्तकात ‘पिकादोर’ नावाने टकीला, लिंबू आणि क्वांत्रो आहेच. शिवाय ‘डेझी’ हा पेयांचा जुना प्रकार, आणि डेझीच्या फुलाला स्पॅनिशमध्ये मार्गारिटा म्हणतात. अमेरिकी मासिकात ते नाव १९५३ मध्ये छापलं गेलं. १९७१ मध्ये डॅलसच्या एका हॉटेलवाल्याने आइस्क्रीमचं यंत्र बदलून गोठवलेल्या मार्गारिटाचं यंत्र केलं. त्या गारठ्यात लिक्युअरचा बारकावा कुणाच्या जिभेला कळणार? स्वस्त ट्रिपल सेकचा खप तिथे पक्का झाला. उलट १९८८ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये घडलेल्या कॉस्मोपॉलिटनने क्वांत्रोला पुन्हा नावानिशी कृतीत आणलं, आणि पुढच्या दशकात टीव्हीने ते गुलाबी पेय घराघरांत पोचवलं.

ग्राँ मार्निएची वाट वेगळी. १८८० पासूनचं हे फ्रेंच संत्रा-लिक्युअर बीटाच्या अल्कोहोलवर नव्हे, मुख्यतः कोन्यॅक या फ्रेंच ब्रँडीच्या पायावर उभं आहे : ५१ टक्के कोन्यॅक, बाकी कडू संत्र्याचं लिक्युअर. त्यामुळे ते पातळ पारदर्शक मिश्रणांपेक्षा जेवणानंतर, पॅनकेकवर किंवा ‘कॅडिलॅक’ मार्गारिटात जास्त शोभतं. २०१६ मध्ये ते घराणं इटालियन समूहाने विकत घेतलं.

त्याआधी, २०१२ मध्ये, कोन्यॅक प्रांतातल्याच एका उत्पादकाने पेयांच्या अभ्यासकाला हाताशी धरून एकोणिसाव्या शतकाच्या धर्तीवर नवं कुरासाव काढलं. अल्कोहोल ४० टक्के, रंग पिवळसर, बारवाल्यांमध्ये लगेच लोकप्रिय. लेबलवर विशेषण निवडलं ते ‘ड्राय’, म्हणजे पुन्हा ‘सेक’च. साखर अर्थातच आहे.