जुनाट कंबरदुखी: इजा भरून येते, वेदना का राहते?

कंबरेच्या मणक्यांमधली गादी सरकली आहे आणि नस दबली आहे, हे ऐकल्यावर अनेक रुग्ण आपली कंबर आता कायमची निकामी झाली असे धरून चालतात. वाकणे बंद, जिना बंद, नातवंडाला उचलणे बंद, असे करत त्यांचे जगणे आक्रसत जाते. प्रत्यक्षात गादीचा बाहेर आलेला भाग बऱ्याच रुग्णांमध्ये काही महिन्यांत आपोआप आकसतो. तरीही काहींची वेदना तीन महिन्यांच्या पुढे टिकते आणि तेव्हा तिला जुनाट वेदना म्हटले जाते. ही वेदना पूर्णपणे खरी असते. मात्र तिच्या तीव्रतेवरून मणक्याला किती इजा झाली आहे, हे ठरवता येत नाही.

गादीतला मऊ गर बाहेर येतो तेव्हा शेजारच्या मज्जातंतूच्या मुळावर दाब पडतो, शिवाय त्या जागी सुटणाऱ्या रसायनांमुळे ते मूळ सुजते. कंबरेच्या खालच्या भागातली ही मुळे पुढे सायटिक या शरीरातल्या सर्वांत जाड मज्जातंतूत एकत्र येतात, म्हणून बिघाड कंबरेत असला तरी कळ पोटरीत किंवा थेट पायाच्या अंगठ्यात जाते. दुखावलेला तंतू बाहेरचे काही कारण नसतानाही संदेश पाठवू लागतो आणि चमक, जळजळ, मुंग्या जाणवतात. असे संदेश सतत येत राहिले की मज्जारज्जूतील पेशीच अधिक संवेदनशील होतात, हे मज्जासंस्थेचे संशोधक क्लिफर्ड वूल्फ यांनी १९८३ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. या अवस्थेत साध्या पांघरुणाचा स्पर्शही नकोसा होऊ शकतो. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे अपुऱ्या पडतात आणि मूळ फिट्ससाठी किंवा नैराश्यासाठी असलेली औषधे डॉक्टर देतात. चिठ्ठीवर ती पाहून घाबरण्याचे कारण नाही. त्यांचा गुण सर्वांना सारखा येत नाही, हेही खरे. सायटिका म्हणजे कंबरेतून पायात जाणाऱ्या या कळेच्या रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत प्रीगॅबॅलिन या अशाच एका औषधाने पायाची वेदना औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा अधिक कमी झाली नाही, उलट चक्कर येण्याच्या तक्रारी वाढल्या. मात्र सुरू असलेली अशी गोळी मनाने एकदम बंद करू नये.

एमआरआयच्या अहवालाबद्दलही थोडे सांगायला हवे. कंबर मुळीच न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्यांचा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीच्या आसपासच्या ९६ टक्के लोकांच्या गाद्यांमध्ये झीज दिसत होती. म्हणजे केवळ अहवालात झीज दिसली म्हणून हालचाल सोडणे योग्य नाही. लघवी किंवा शौचावरचा ताबा सुटणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला व बैठकीच्या जागी बधिरपणा येणे किंवा पाऊल लुळे पडणे, ही लक्षणे मात्र वेगळी आहेत. त्यांत तासांचाही उशीर न करता रुग्णालय गाठायला हवे.

आपल्याकडे कंबरदुखीवर सक्तीची विश्रांती आणि झोपायला कडक फळी, असा सल्ला अजूनही प्रेमाने दिला जातो. २००३ साली स्पेनमधील ३१३ रुग्णांच्या अभ्यासात अतिकडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना अधिक आराम पडला. २०२३ साली जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कंबरेला ताण देण्याचा उपचार) यांचा सरसकट वापर करू नये असे म्हटले आहे आणि व्यायामाची शिफारस केली आहे. चालण्याचा उपाय फुकटचा असल्यामुळेच तो कमी लेखला जातो, असे मला वाटते. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांच्या ऑस्ट्रेलियातील अभ्यासात ज्यांना टप्प्याटप्प्याने चालायला शिकवले, त्यांचे दुखणे पुन्हा उलटायला सरासरी २०८ दिवस लागले. इतरांचे ११२ दिवसांतच उलटले.

रोजच्या व्यवहारात सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे बऱ्या दिवसाचा मोह आवरणे. कंबर जरा हलकी वाटली की दिवाळीची सगळी साफसफाई एका दुपारी उरकायची आणि मग चार दिवस अंथरुणाला खिळायचे, या चक्रात ताकद कमी होते आणि हालचालीची भीती वाढते. त्यामुळे काम वेदनेवर न सोपवता घड्याळावर सोपवावे. विळीवर भाजी चिरताना साधारण वीस मिनिटांनी कळ सुरू होत असेल, तर पंधराव्या मिनिटाला, बरे वाटत असतानाच, उठून दोन फेऱ्या माराव्यात. दुचाकीवरचा किंवा एसटीतला लांबचा प्रवासही असाच तोडून करावा. हे प्रमाण आठवडाभर नीट जमले की त्यात दोन-तीन मिनिटांची भर घालावी. झोप अपुरी झाली की वेदना सोसण्याची क्षमता घटते, त्यामुळे जागरणानंतरच्या दिवशी ही वाढ पुढे ढकललेली बरी. मध्येच दुखणे उसळले तर सगळे थांबवण्याऐवजी चालणे आणि कामे निम्म्यावर आणावीत, आणि कळ ओसरू लागली की काही दिवसांत पूर्वीच्या प्रमाणावर परतावे.