वाकणारी कावड, तरणारी टोपली

व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर, होई आन आणि दा नांगच्या बाजूला, वाळूत मोठाल्या गोल टोपल्या उपड्या घालून ठेवलेल्या दिसतात. या तिथल्या कोळ्यांच्या होड्या. बांबूच्या पट्ट्यांची घट्ट वीण, तिच्या फटींत रगडून भरलेलं शेण आणि ते वाळलं की वरून गर्जन वृक्षाच्या चिकट तेलाचे हात. एवढ्या भांडवलावर माणूस जाळं घेऊन समुद्रात उतरतो. लाट आदळली की टोपली जराशी दबते आणि लगेच पुन्हा आपला आकार धरते.

विणकामाला बांबूचा कुठलाही भाग चालत नाही. कारागीर बांबू उभा चिरतो, आतला मऊ भाग तासून टाकतो आणि सालीलगतची पट्टी तेवढी ठेवतो. त्याची ही निवड किती अचूक आहे ते बांबूचा आडवा छेद पाहिला की कळतं. पांढुरक्या भिंतीत गडद ठिपके दिसतात. हे चिवट तंतूंचे जुडगे. आतल्या बाजूला ते विरळ असतात आणि सालीकडे जाताना दाटीवाटीने बसलेले असतात. वाऱ्याने खोड वाकतं तेव्हा सर्वांत जास्त ताण बाहेरच्याच थरावर येतो. बळ नेमकं तिथेच साठवलेलं आहे. शिवाय पोकळ नळी वाकताना चपटी होऊ पाहते, तिला पेरांवरचे आडवे पडदे आवरून धरतात.

हाच गुण खांद्यावरच्या कावडीत कामी येतो. हनोईच्या रस्त्यांवर फळं-भाजी विकणाऱ्या बायकांच्या खांद्यावर बांबूची लवचीक कावड असते आणि चालताना दोन्ही टोकांच्या टोपल्या वरखाली झुलत असतात. दांडा ताठ असता तर प्रत्येक पावलाला सगळं ओझं खांद्याबरोबर उचललं आणि आपटलं गेलं असतं. लवचीक दांडा मधे वाकतो, ओझं बरंचसं एका पातळीत राहतं आणि खांद्याला बसणारा दणका कमी होतो. अनुभवी व्हिएतनामी कावडवाल्यांवर झालेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. कावडीच्या हेलकाव्याशी ही माणसं आपल्या पावलांची लय जुळवून घेतात, असं त्यात दिसलं. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांना आपण अकुशल मजूर म्हणून मोकळे होतो, त्यांच्या चालण्यात केवढं कौशल्य मुरलेलं असतं!

1954 मध्ये दिएन बिएन फूला फ्रेंचांविरुद्ध झालेल्या लढाईत व्हिएतनामी सैन्याला रसद पोहोचली तीही बांबूच्या आधाराने. सायकलच्या हँडलला एक लांब बांबू आणि सीटमागे दुसरा उभा बांधायचा, मग 200 किलोंहून जास्त ओझं लादून ती डोंगरवाटांनी ढकलत न्यायची.

बांबू जून झाला की कोंब उगवतात, अशी तिथे म्हण आहे. पिढी सरली तरी पुढची तयार असते, असा तिचा अर्थ. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनेही ती खरीच. बांबू हे गवत. त्याचा कोंब जमिनीतून येतो तोच पूर्ण जाडीचा, आणि काही महिन्यांत पूर्ण उंची गाठतो. पुढे तो जाड होत नाही, फक्त कणखर होत जातो. या वाढीच्या काळात त्याला पानं जवळपास नसतात. अन्न येतं ते बेटातल्या जुन्या बांबूंकडून, जमिनीखालच्या खोडातून. माणसं हे कोंब आवडीने खातात, पण आधी चांगले उकळून ते पाणी फेकून देतात. कच्च्या कोंबांत सायनाइड सोडणारं द्रव्य असतं, ते उष्णतेने नष्ट होतं.

उत्तरेत लाल नदीच्या खोऱ्यातल्या गावांभोवती पूर्वी काटेरी बांबूचं दाट कुंपण असे. चोर-दरोडेखोर, वादळ, शत्रू, सगळ्यांना ते अडवी. हनोईजवळच्या फू डोंग गावच्या थान्ह जोंग या वीराची कथा तर घराघरांत सांगतात. लढता लढता त्याची लोखंडी काठी मोडली, तेव्हा त्याने बांबूची बेटंच उपटून शत्रूला झोडपलं. त्याच्या नावाच्या उत्सवाला 2010 मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. तेत या नववर्षाच्या सणाला दारात उंच बांबू उभारायचीही प्रथा आहे. मराठी माणसाला इथे गुढी आठवणारच.

बांबूची एक मोठी अडचण म्हणजे कीड. त्याच्यातल्या पिष्टावर भुंगेरे तुटून पडतात आणि आतून त्याचा भुगा करतात. गावकऱ्यांनी यावर शोधलेला उपाय असा, की तोडलेले बांबू कित्येक महिने तळ्याच्या चिखलात बुडवून ठेवायचे. पाण्यातले सूक्ष्मजीव पिष्ट खाऊन टाकतात, मग भुंगेऱ्यांना खायला काही उरत नाही. वास भयंकर येतो, पण बांबू टिकतो. वास्तुविशारद वो त्राँग न्गिया यांनी हीच पद्धत, धुरी देण्याची जोड देऊन, आजच्या इमारतींसाठी वापरली. पूर्वीच्या बिन्ह दुआँग प्रांतात तळ्यात त्यांनी बांधलेला घुमट 10 मीटर उंच आणि 15 मीटर रुंद आहे. त्याच्या सगळ्या कमानी वाकवलेल्या बांबूंच्या जुड्या बांधून उभ्या केल्या आहेत.