गजानन वेगळा, हात जोडणारा उंदीर वेगळा

चवथ जवळ आली की सिंधुदुर्गातल्या घरांत गणपती बसायच्या जागेमागची भिंत रंगवली जाते. त्या भिंतीवर गजानन असतो आणि पायाशी मागच्या पायांवर उभा राहून हात जोडणारा उंदीर. दोघांनाही आपण सरसकट ‘प्राण्याला दिलेलं माणसाचं रूप’ म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही.

उंदराची शेपटी, मिशा, तोंड सगळं उंदराचंच आहे. माणसाची आहे ती फक्त हात जोडायची रीत. हे मानवीकरण. गजाननाचा देहच दोन जातींचा: डोकं हत्तीचं, धड माणसाचं. तिथे हत्तीला माणसाच्या सवयी चिकटवलेल्या नाहीत. हा मिश्रदेह.

मिश्रदेहाला बहुधा कथेचं कारण असतं. हिरण्यकशिपूला वर होता, मरण ना माणसाकडून यावं ना पशूकडून. म्हणून नरसिंह. त्याला नुसता सिंह काढा किंवा नुसता माणूस, कथाच उरत नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात, म्हणजे जुन्या पद्धतीच्या पत्त्यांत, असे देह हातात धरून बघता येतात. १२० गोल पानं, दहा अवतार, प्रत्येकाची १२. मत्स्याच्या राजाच्या पानावर मासा आणि विष्णू एका देहात. आकड्यांच्या पानांवर मात्र साधे मासे, ज्यांना या दोन्हीतलं काहीच लागू नाही. त्या साध्या माशांवर माझा विशेष जीव आहे.

मानवीकरणाचा रोख बहुतेक वेळा माणसावर असतो. इंग्रज चित्रकार एडविन लँडसीर यांनी १८४० मध्ये न्यायाधीशाच्या जागी पांढरा पूडल कुत्रा बसवला. पंजा उघड्या पुस्तकावर, भोवती इतर कुत्री. देह पूर्ण कुत्र्याचा, पण कानांवरचे कुरळे केस न्यायाधीशाच्या केसांच्या टोपासारखे दिसतात. कुत्र्याचं काही बदललेलं नाही, बघणाऱ्याला आठवतात ती कोर्टातली माणसं.

खरी अडचण येते मारुतीपाशी. पिंगुळीच्या ठाकर समाजाच्या चित्रकथीत, म्हणजे चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याच्या कलेत, रामायण उलगडतं तेव्हा तोही येतो. तोंड वानराचं, अंग माणसासारखं, म्हणून मिश्रदेह म्हणावं, तर ही सगळी वानरं राज्य करतात, सल्लामसलत करतात, दूत पाठवतात. मी तरी त्याला दोन्हींत धरतो. लंका पेटवते ती वानराची शेपटी, आणि अशोकवनात सीतेपुढे अंगठी धरून तो अदबीने वाकतो, ते वाकणं माणसाचं.