खाऱ्या पाण्याची नवी टाकी : दिवा किती वेळ लावायचा, शेवाळाचं काय करायचं

टाकी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरतो. घाबरू नका, टाकी बिघडलेली नाही. हे डायटम, म्हणजे एक प्रकारचं सूक्ष्म शेवाळ. ते पाण्यातल्या सिलिकेटवर वाढतात आणि सिलिकेट संपलं की बहुधा आपोआप ओसरतात. बोट फिरवलं की धुळीसारखे उडतात, हीच त्यांची खूण. औषध नको, वाळू उपसणं नको. काच तेवढी चुंबकाच्या ब्रशने पुसा.

पाणी

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन औषधाने जातं. नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट मात्र तसंच राहतं, आणि शेवाळ त्यावरच पोसतं. घरच्या पिण्याच्या आरओतही चवीसाठी थोडा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मुद्दाम ठेवलेला असतो. मीठ घालण्याआधी पाण्याचा टीडीएस शून्याच्या जवळ हवा. पाणी आटून कमी झालं की हेच बिनमिठाचं पाणी घाला. मीठ आटत नाही, त्यामुळे खारं पाणी घालत राहिलात तर क्षारता चढत जाते.

चौपाटीवरून पाणी भरून आणू नका. मालवणला गेलात म्हणून तिथून प्रवाळाचा तुकडा तर मुळीच आणू नका. दगडी प्रवाळाला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे.

दिवा

माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट पचवणारे जीवाणू टाकीत स्थिरावायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येईपर्यंत दिवा बंदच ठेवा. या जीवाणूंना उजेड लागत नाही, शेवाळाला लागतो.

मासे सोडल्यावर रोज सहा तास पुरेत. नुसते क्लाउनफिश पाळायचे असतील तर साधा एलईडी चालतो. प्रवाळांसाठीचा महागडा रीफ लाइट आम्ही विकतो, पण अशा टाकीसाठी तो घेऊ नका असंच सांगू. झोअँथिड (प्रवाळांच्या नात्यातले, फुलांसारखे दिसणारे छोटे जीव) ठेवायचे असतील तर मात्र तो लागतो, कारण त्यांच्या शरीरात राहणारं सूक्ष्म शेवाळ उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर ते जगतात. त्यांना ४२० ते ४६० नॅनोमीटरचा निळा उजेड मानवतो. पांढरा आणि लाल चॅनल मुख्यतः आपल्या डोळ्यांसाठी, तो कमीच ठेवा. सुरुवात ३०-४० टक्के ताकदीने करा, दर आठवड्याला थोडी वाढवत न्या, वेळ आठ-नऊ तासांपर्यंत.

टायमर लावाच. संध्याकाळी घरी आल्यावर टाकी बघायची असते ना? मग दुपारी चार ते रात्री दहा अशी वेळ ठेवा. खिडकीतून येणारं ऊन टायमर ऐकत नाही, तेव्हा टाकीची जागा आधीच विचार करून ठरवा.

शेवाळ आलंच तर

दगडावर हिरवं केसाळ शेवाळ वाढलं तर बहुतेक वेळा खाणं जास्त पडतंय. गोठवलेलं खाणं आरओच्या पाण्यात धुऊन, मासे दोन मिनिटांत संपवतील एवढंच घाला. शेवाळ हाताने उपटा, दर आठवड्याला १०-१५ टक्के पाणी बदला, गोगलगायी सोडा. टेस्ट किट फॉस्फेट शून्य दाखवत असेल तरी हुरळू नका. ते शेवाळानेच पिऊन टाकलेलं असू शकतं.

लालसर, पापुद्र्यासारखा निघणारा थर म्हणजे सायनोबॅक्टेरिया, शेवाळासारखे उजेडावर वाढणारे जीवाणू. तो थर नळीने ओढून काढा आणि पॉवरहेडचा (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाचा) झोत त्या कोपऱ्याकडे वळवा.

तरीही अडलं तर स्वच्छ बाटलीत टाकीचं पाणी आणि टाकीचा फोटो घेऊन दुकानात या. फोटो पांढऱ्या उजेडात काढा. निळ्यात तपकिरी कोणतं आणि लाल कोणतं ते आम्हालाही कळत नाही.