मिठातला धागा मिठाचा की रुमालाचा? घरी मीठ तपासण्याआधी हे वाचा

पेल्यातल्या पाण्यात चमचाभर मीठ, तळाशी पांढरा थर किंवा रुमालावर अडकलेला निळसर धागा, आणि खाली प्रश्न: "हे प्लास्टिकच ना?" असे फोटो आमच्याकडे, म्हणजे रायगडच्या मिठागरातले जाडे मीठ विकणाऱ्यांकडे, सतत येतात. शंका रास्त आहे. २०१८ साली आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी आठ ब्रँडची समुद्री मिठे तपासली आणि आठही मिठांत सूक्ष्म प्लास्टिक निघाले. २०२४ साली दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेने दहा प्रकारची मिठे तपासली. त्यात आयोडीनयुक्त पाकीटबंद मिठात किलोमागे ८९ कण निघाले, तर सेंद्रिय सैंधवात किलोमागे ७ पेक्षा कमी. शून्य कण कुठेच नव्हते. म्हणून आमच्या पाकिटावर "प्लास्टिकमुक्त" हा शब्द तुम्हाला दिसणार नाही. समुद्राच्या किंवा खाडीच्या पाण्यावर मीठ पिकवणाऱ्या कुणीही तो छापू नये, असे आमचे मत आहे.

मात्र फोटोत जे दिसते ते बहुतेक वेळा प्लास्टिक नसते. आणि असले तरी ते मिठातूनच आले, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही.

तळाला बसलेला गाळ

मीठ विरघळल्यावर पाणी दुधाळ झाले आणि तळाशी पिठासारखा पांढरा थर बसला, तर ती मीठ मोकळे राहावे म्हणून घातलेली पावडर असते. बारीक टेबल मिठात ती असतेच. वरचे पाणी हळूच ओतून टाका आणि गाळावर दोन चमचे व्हिनेगर घाला. बुडबुडे येऊन गाळ नाहीसा झाला, तर तो कॅल्शियम किंवा मॅग्नेशियमचा कार्बोनेट. काहीच झाले नाही, तर पाकिटावर "आयएनएस ५५१" लिहिले आहे का पाहा, ती सिलिका. प्लास्टिक असे पिठासारखे एकसारखे बसत नाही.

तपकिरी किंवा काळपट गाळ म्हणजे मिठागराच्या तळाची माती. आयोडीनयुक्त मिठात न विरघळणारा भाग वजनाच्या १ टक्क्यापर्यंत कायद्याने चालतो. म्हणजे १०० ग्रॅम मिठात १ ग्रॅम, आणि पेल्यात तो डोळ्यांत भरेल इतका दिसतो. जाड्या मिठात ही माती जास्त असते. ती कमी करायची तर मीठ नीट धुवावे लागते. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

एक चूक, जी सगळ्यांचा वेळ खाते

मीठ विरघळवून जुन्या ओढणीतून किंवा टेरिकॉटच्या रुमालातून गाळायचे, तेही प्लास्टिकच्या तांब्यात, पंख्याखाली. मग जो धागा सापडतो तो ओढणीचा असू शकतो, तांब्याचा खरवडा असू शकतो, हवेतून पडलेला असू शकतो. त्या फोटोवरून आम्हाला काहीच ठरवता येत नाही. तुमचे पाकीट वाया जाते आणि पुन्हा सगळी तपासणी पहिल्यापासून करावी लागते.

यावर उपाय एकच, कोरी चाचणी. मीठ न घालता, त्याच भांड्यांत, तशाच कागदातून, तेवढेच पाणी आधी गाळायचे. कोऱ्या कागदावर पाच धागे आले आणि मिठाच्या कागदावरही पाचच आले, तर त्यांतला मिठाचा एकही नाही, असे समजायला हरकत नाही. प्रयोगशाळाही हेच करतात, आणि ही पायरी वगळलेला निकाल कुणी धरत नाही.

चाचणी अशी करा. काचेची दोन भांडी आणि स्टीलचा चमचा पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने तीनदा विसळा. पंखा बंद ठेवा, अंगात सुती कपडे असू द्या. कॉफी गाळायचा कागद घ्या, कापड नको. आधी ३०० मिली पाण्याची कोरी चाचणी करून कागद झाकून ठेवा. मग त्याच भांड्यात ३०० मिली कोमट पाण्यात १०० ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा. हे प्रमाण महत्त्वाचे आहे, कारण चमचाभर मिठाच्या पाण्यात नायलॉन आणि पॉलिस्टायरीन बुडतात, तर १०० ग्रॅमच्या घट्ट पाण्याची घनता (साध्या पाण्याची १ असते) १.१९ च्या आसपास जाते आणि ते दोन्ही तरंगतात. पिशव्यांचे पॉलिथिन आणि गोणीचे पॉलिप्रॉपिलीन तर साध्या पाण्यातही तरंगते. बाटल्यांचे पेट (पीईटी) प्लास्टिक आणि पीव्हीसी मात्र जड, ते गाळाबरोबर तळाला जातात. भांडे झाकून रात्रभर ठेवा. सकाळी वरचा थर चमच्याने काढून वेगळ्या कागदावर घ्या, उरलेले पाणी दुसऱ्या कागदावर गाळा आणि दोन्ही कागद भिंगाखाली पाहा.

एखादा धागा संशयास्पद वाटला, तर चिमट्यात सुई धरून लाल तापवा आणि धाग्याजवळ न्या. प्लास्टिक आकसते, वितळून त्याचा गोळा होतो. सुती धागा वितळत नाही, करपतो. केस करपताना जळका वास येतो.

दशांश मिलिमीटरपेक्षा लहान कण साध्या भिंगाने ओळखता येत नाहीत. त्यामुळे घरी काही सापडले नाही, तरी काहीच नाही असे म्हणता येणार नाही. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक, पारा हे तर कोणत्याच घरगुती चाचणीत कळत नाहीत. त्यासाठी विक्रेत्याकडे प्रयोगशाळेचा अहवाल मागा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकात किलोमागे आर्सेनिक आणि कॅडमियम ०.५ मिलिग्रॅम आणि पारा ०.१ मिलिग्रॅम ही कमाल मर्यादा आहे. अहवालावर बॅच क्रमांक नसेल तर त्या कागदाला अर्थ नाही. आमच्या बॅचचा अहवाल मागाल तेव्हा देतो.

मग कोणते मीठ घ्यावे?

प्लास्टिकची भीतीच सर्वात मोठी वाटत असेल, तर पाण्यात विरघळवून, गाळून, पुन्हा स्फटिक केलेले रिफाइंड मीठ किंवा चांगले सैंधव पाहा. सैंधव प्लास्टिकच्या जन्माआधीच जमिनीत तयार झाले आहे. त्यात जे कण येतात ते दळताना आणि भरताना. पण सैंधवाचे पाकीट घेताना त्यात आयोडीन आहे का ते वाचा. आयोडीन नसलेले मीठ घरातल्या सगळ्यांना रोज देणे बरोबर नाही, विशेषतः गरोदर बाई आणि लहान मुले असतील तर. विक्रीच्या वेळी मिठात किमान १५ पीपीएम (किलोमागे १५ मिलिग्रॅम) आयोडीन असावे असा नियम आहे. पाकिटावर आयोडीनयुक्त मिठाचे हसऱ्या सूर्याचे चिन्ह आणि एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक दिसला पाहिजे.

आमचे रायगडच्या मिठागरातले जाडे मीठ आयोडीनयुक्त आहे. ते मोकळे ठेवायची कोणतीही पावडर आम्ही घालत नाही, म्हणून पावसाळ्यात त्याला पाणी सुटते. ही भेसळ नव्हे. स्फटिकांवर उरलेले थोडे मॅग्नेशियम हवेतला ओलावा ओढून घेते. मीठ आम्ही गोड्या पाण्याने नव्हे, तर मिठाच्याच संपृक्त, म्हणजे आणखी मीठ विरघळणार नाही इतक्या घट्ट, पाण्याने दोनदा धुतो. गोड्या पाण्यात मीठच विरघळून जाईल. संपृक्त पाण्यात मात्र हलके प्लास्टिक, जाळ्यांचे नायलॉन, काडीकचरा वर येतो आणि काठावरून वाहून जातो. तेच पाणी पुन्हा वापरताना वाळूच्या थरातून गाळावेच लागते, नाहीतर काढलेला कचरा परत मिठात जातो. हे आमच्या मनाचे नाही. समुद्राचे पाणी साध्या वाळूतून गाळले तर सूक्ष्म प्लास्टिक वजनाने ८५ टक्क्यांहून जास्त कमी होते, असे आयआयटी मुंबईच्या त्याच अभ्यासात दिसले होते. वाळू बदलणे, मीठ दोनदा धुणे, धुताना होणारी घट, हे सगळे किमतीत येते. बाजारातल्या सुट्या खड्या मिठापेक्षा आमचे महाग का, याचे उत्तर हेच.

घरात होणारी भर

पाकिटाचा कोपरा कात्रीने कापताना तांदळाच्या दाण्याएवढी पट्टी आत पडते. आलेल्या तक्रारींत ती बरेचदा सापडते, तिची एक कड वस्तऱ्याने कापल्यासारखी सरळ असते. कापण्याआधी पाकीट आपटून मीठ खाली बसवा आणि कापलेला कोपरा हातात आला का ते पाहा. खडे मीठ प्लास्टिकच्या डब्यात ठेवू नका. स्फटिक धारदार असतात, रोज चमचा फिरवून डबा आतून खरवडला जातो. चिनी मातीची बरणी किंवा काच उत्तम, चमचा लाकडी. प्लास्टिकची पाती असलेल्या फिरकीच्या ग्राइंडरमधून पातीचाच भुगा अन्नात पडतो. त्यापेक्षा खलबत्ता बरा.

आणि ज्यांना शंकाच नको, त्यांनी जुन्या घरांतल्यासारखे मिठाचे पाणी करून ठेवावे. प्रमाण वरचेच, १०० ग्रॅमला ३०० मिली. रात्रभर ठेवा, वरचा थर काढून टाका, तळ न ढवळता मधले पाणी कागदातून गाळून काचेच्या बाटलीत भरा. ५ मिलीच्या चमच्यात साधारण दीड ग्रॅम मीठ येते. मिठातले आयोडेट (आयोडीनचा क्षार) पाण्यात विरघळलेलेच राहते, ते गाळण्यात जात नाही. आमटी-भाजीला हे पाणी छान चालते. लोणच्याला चालत नाही, कारण तिथे पाणी नको असते.

फोडलेले पाकीट आम्ही परत घेत नाही. मात्र कोऱ्या चाचणीचा आणि मिठाचा, असे दोन्ही कागदांचे फोटो बॅच क्रमांकासह पाठवलेत, तर त्या बॅचचे राखून ठेवलेले मीठ आम्ही स्वतः तपासतो आणि जे निघेल ते कळवतो. दोष आमचा निघाला तर नवीन पाकीट घरपोच देतो. दुकानात बरणी घेऊन आलात तर मीठ त्यातच मोजून भरून मिळते. बरणी मात्र आतून कोरडी आणा.